हाडाशेजारचा ढग

पोरीने दगड फेकला आणि तिचा हात मोडला. दगड लागून नाही, पडून नाही, कोणी पिरगळूनही नाही. नुसता फेकला म्हणून. हे मी ज्या ज्या डॉक्टरला सांगितलं तो ऐकून एकदम गप्प व्हायचा, आणि मला वाटायचं मीच काहीतरी उलटंसुलटं सांगतेय, म्हणून मी परत पहिल्यापासून सुरू करायची.

पाहुणे आले होते म्हणून आम्ही मांडूला गेलो होतो. धारच्या माणसाकडे पाहुणे आले की मांडू दाखवावंच लागतं, त्यात आपल्याला बघायचं काही उरलेलं नसतं, आपण सावली शोधून बसतो. तिथली ती इमली, म्हणजे गोरखचिंच, हत्तीच्या पायासारख्या बुंध्याची, जिची फळं दुधीसारखी लोंबतात, तिच्याखाली पोरं दगड मारत होती. आमची पण गेली. पहिलीतून दुसरीत गेलेली पोर, अंगाने काडी. हात मागे नेला, फेकला, आणि "मम्मी" असं ओरडली की माझ्या हातातला डबा सांडला. दगड फळापर्यंत पोचलासुद्धा नव्हता. तिचा उजवा हात खांद्यापासून असा लोंबत होता जसा तिचा नाहीच.

पण बोटं हलत होती, आणि संध्याकाळपर्यंत रडणं थांबलं, म्हणून सगळे म्हणाले मुरगळलाय. सगळे म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना घरात, गल्लीत, भाजीवालासुद्धा आईसाहेब म्हणतो. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपर्यंत दरबारात काहीतरी होतं म्हणे. आता दोन खोल्या आणि गॅलरी आहे, आमचे हे धामनोदला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसतात, पण आईसाहेब आईसाहेबच आहेत. त्यांच्याकडे एक लेप आहे. आंबेहळद, रक्तचंदन, गेरू आणि मुरदाडशिंग म्हणून एक पिवळट प्रकार, दिसायला खडा पण उचलला की दगडापेक्षा जड. सगळं कुटून त्याची पूड करून ठेवतात, पाण्यात कालवून गरम करून लावतात. सुकला की त्याच्यावर दुसरा. माझ्या नणंदेचा पाय, यांचा गुडघा, माझं बाळंतपणातलं कंबरडं, सगळं त्याच लेपाने बरं झालं असं घरात मानतात. मी पण मानते. गरम गरम लागतो तेव्हा बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आठवडाभर लेप चालला. सूज उतरली, पण पोर हात वर नेईना. वेणी घालताना नुसता धक्का लागला तरी डोळ्यात पाणी. मग मी यांना फोन केला आणि आईसाहेबांना न दुखावता कसं सांगायचं ते ठरवून तिला धारलाच डॉक्टरकडे नेलं. आईसाहेब म्हणाल्या, "मीही येते. तुला काय समजणार ते काय बोलतात ते." नववीत शाळा सुटलेली सून आहे मी, हे त्या विसरू देत नाहीत.

जाण्याआधी मी ओल्या रुमालाने लेप पुसून काढला. तिथे हाडाचा फोटो काढला. डॉक्टरसाहेबांनी ती काळी फिल्म खिडकीकडे धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"गिरी थी?"

"नाही साहेब, दगड फेकला."

"दगड लगा?"

"लागला नाही. फेकला."

त्यांनी परत फिल्म बघितली. मग मला जवळ बोलावून पेनाच्या मागच्या टोकाने दाखवलं. खांद्याच्या खाली हाड फुगल्यासारखं होतं आणि आतून काळं, पोकळ, त्याच्यावरून एक बारीक चीर गेलेली. ते म्हणाले हाड आतून पोखरलं होतं म्हणून एवढ्याने मोडलं. मोडलं ते जुळून येईल, लहान पोर आहे. "लेकिन ये," म्हणत ते पेन हाडाच्या बाहेर घेऊन गेले, जिथे काखेकडच्या बाजूला पांढरं पांढरं, कापूस पिंजल्यासारखं काहीतरी पसरलं होतं. "ये मुझे अच्छा नहीं लग रहा. गाँठ पानी की भी होती है, बच्चों में बहुत होती है. पानी की हो तो हड्डी के अंदर रहती है. ये बाहर क्यों दिख रहा है?"

मी विचारलं, "पाण्याची नसली तर?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, मी सांगू शकत नाही, उगाच घाबरवतही नाही, पण उशीर करू नका, फोटो वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि निघताना हात गळ्यात अडकवायला पट्टा बांधून दिला आणि जरा आवाज चढवून म्हणाले, "और जिसने भी घर में मालिश-वालिश की है ना, अब हाथ नहीं लगाएगा. समझे?"

आईसाहेब दारातच उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि पुढे चालू लागल्या.

माझा भिया म्हणजे भाऊ देवासला फॅक्टरीत आहे. त्याच्या सुपरवायझरच्या बायकोचं काहीतरी झालं होतं तेव्हा त्याने तिथल्या एका मॅडमचं नाव ऐकलेलं, त्या फक्त फोटोच बघतात म्हणे, दिवसभर, अंधारात बसून. हे म्हणाले, "तू आईसाहेबांना घेऊन हो पुढे, मी धामनोदहून सरळ देवासला येतो." मी म्हटलं, आईसाहेबांना कशाला? म्हणाले, "तू एकटी ऐकणार आहेस का ते?"

बसमध्ये मी तो मोठा लिफाफा मांडीवर धरून बसले होते. मी काय केलं होतं की आदल्या दिवशी फोनला बोलून विचारलं होतं, हड्डी में गाँठ, आणि फोनने जे दाखवलं ते बघून मी फोन पिठाच्या डब्यावर उलटा ठेवून दिला होता. लहान लहान मुलं. टक्कल झालेली. मला वाटायला लागलं की ते सगळं या लिफाफ्यात आहे आणि मी त्याला तिकीट काढून देवासला नेतेय. इंदूर सुटल्यावर राहवेना, मी फिल्म काढून खिडकीला लावली. तिच्या हाडातून बाहेरचे गहू दिसायला लागले, हिरवे. विजेचा खांब आला तो तिच्या दंडातून गेला. आणि तो कापूस तिथेच. ढग असतो ना, उन्हाळ्यात एकटाच, पाऊस नसलेला, तसा हाडाच्या शेजारी.

पोर माझ्या कुशीतून मान काढून बघत होती. "हे मी आहे?"

"हो."

"एवढी गोरी?"

आईसाहेब तिला कायम चिडवतात, आईवर गेली, सावळी निघाली म्हणून. ती पोर एकदम त्यांच्याकडे वळली. "बघा आईसाहेब, मी आतून गोरी आहे. वरून तुम्ही मला उन्हात खेळू देता म्हणून."

"मी खेळू देते?"

"मम्मी देते. पण तुम्ही काही म्हणत नाही ना."

आईसाहेब त्या डॉक्टरकडून निघाल्यापासून पहिल्यांदा हसल्या आणि मग त्यांनी तोंड खिडकीकडे केलं ते देवास येईपर्यंत तिकडेच ठेवलं. त्यांच्या मांडीवर त्यांची कापडी पिशवी होती, दोन्ही हातांनी धरलेली.

मॅडमची खोली खरंच अंधारी होती. खिडकीला पडदे ओढलेले, टेबलावर दोन मोठे टीव्हीसारखे पडदे, आणि भिंतीवर एक पांढरा दिव्याचा चौकोन. मॅडम माझ्या आईच्या वयाच्या, केस कापलेले, शाल गुंडाळलेली कारण एसी होता. आधी हिंदीत म्हणाल्या, "बच्ची के साथ कौन है?" मग आईसाहेब "बस बाई नीट" असं पोरीला म्हणाल्या ते ऐकून लगेच मराठीत आल्या. "कुठल्या तुम्ही? धारच्या? बसा. आणि तू, छोटी, तू इथे माझ्या शेजारी बस, तुझाच फोटो आहे, तुला नको का बघायला?"

त्यांनी फिल्म दिव्यावर लावली आणि मागे रेलून बसल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. डोळे आधी कोपऱ्यात गेले, मग खांद्याला, मग हळूहळू खाली. ज्या गाठीसाठी आम्ही एवढं आलो तिथे त्या शेवटी पोचल्या.

मी म्हटलं, "मॅडम, कसं कळतं तुम्हाला?"

मला वाटलं ओरडतील. त्या म्हणाल्या, "कडेवरून. ये, जवळ ये."

मी गेले. त्यांनी बोट न टेकवता दाखवलं. "ही काळी पोकळी. हिची कड बघ. कोणी अणकुचीदार पेन्सिलीने काढल्यासारखी आहे की नाही? इथून इथपर्यंत, कुठे तुटत नाही. साधी गाठ सावकाश वाढते, तिच्या वाढण्याबरोबर हाड आपली भिंत घालत राहतं, त्याला वेळ मिळतो. वाईट असते ना ती, ती भिंत घालू देत नाही. मग कड सापडत नाही, दाराला उधई लागते तसं दिसतं, कुठे संपलं आणि कुठे सुरू झालं सांगता येत नाही. आणि हाड बिचारं घाईघाईने बाहेरून थर चढवतं, कांद्यासारखे, नाहीतर सरळ काटे उभे करतं."

"इथे काटे आहेत?"

"इथे काटे नाहीत. आणि हे बघ, ही वरची काळी रेघ दिसली? ती चीर नाही, घाबरू नको. तिथून ती वाढते. रोज तिथे थोडं थोडं नवीन हाड तयार होतं."

मी त्या रेघेकडे बघतच राहिले. मी तिला जन्मापासून तेल लावते. तिची नखं काढते, उवा काढते, कोणत्या दाताला कीड आहे मला माहीत आहे. भिंतीला उभी करून खडूने रेघ मारते आणि म्हणते बघ किती वाढली. आणि ती वाढते कुठून ते असं होतं, केसाएवढ्या जागेतून, आणि मला माहीतच नव्हतं. माझ्या पोटात असताना पण ती जागा असेल. भीती होतीच, पण भीतीच्या मध्येच मला हात जोडावेसे वाटले. कोणाला ते कळत नव्हतं.

"मग साधी आहे?" मी म्हटलं.

मॅडमचं बोट त्या कापसावर आलं. "हे नसतं तर मी हो म्हटलं असतं. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर ओळखलं, हे इथे असायला नको. एवढी चांगली कड आणि बाहेर हा ढग, हे एकमेकांशी जुळत नाही." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "फोटो काढला तेव्हा हातावर काही लावलेलं होतं का?"

मी तोंड उघडलं, पण मी पुसलं होतं, स्वतः पुसलं होतं. मी आईसाहेबांकडे बघितलं.

"काही नाही," आईसाहेब म्हणाल्या.

"तेल? मलम? काही घरगुती?"

"आम्ही काही हात लावला नाही."

मॅडमनी मान हलवली. "ठीक आहे. मग एमआरआय करावा लागेल. आणि त्यात पण असंच दिसलं तर सुईने थोडा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. तिला भूल देऊन. मी तसं लिहून देते."

त्या लिहायला वळल्या. पोर खुर्चीवर पाय हलवत होती, तिला तुकडा काढणं म्हणजे काय ते कळलं नव्हतं, ती त्या रेघेकडे बोट करून स्वतःचा खांदा चाचपत होती. आणि मागून आईसाहेबांचा आवाज आला, एकदम बारीक. तसा आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"लेप होता."

मॅडम थांबल्या.

"माझ्या सासूबाईंचा लेप. मी लावत होते, हिने नाही. त्या डॉक्टरने सगळ्यांसमोर म्हटलं, आता कोणी हात लावायचा नाही. मला वाटलं, माझ्या लेपाने तिला..." त्यांनी पिशवीत हात घातला आणि कागदाची पुडी काढून टेबलावर ठेवली. मला माहीतसुद्धा नव्हतं ती पुडी त्यांच्याबरोबर होती. "हा तो. यात विष असेल तर सांगा."

मॅडमनी पुडी उघडली नाही. हातावर तोलली. "एवढीशी आणि एवढी जड? काय काय आहे यात?"

आईसाहेबांनी सांगितलं. मुरदाडशिंग म्हटल्याबरोबर मॅडमच्या भुवया वर गेल्या. "अहो आईसाहेब, ते शिशाचं असतं!"

आईसाहेब हे नाव त्यांना कसं कळलं? पोर बसल्या बसल्या म्हणत होती ना, आईसाहेब पाणी, आईसाहेब भूक लागली.

मग मॅडमनी जे केलं ते मी अजून लोकांना सांगते आणि लोकांना खोटं वाटतं. त्यांनी मला न्हाणीत पाठवलं, म्हणाल्या साबण लावून धू, काखेत, वळीत, खांद्यापासून कोपरापर्यंत, आणि हिचा फ्रॉक बदल. हात हलू न देता, सांभाळून. मी धुतलं. स्वच्छ दिसणारा हात होता, तरी काखेतल्या घडीतून पिवळट पाणी निघालं, आणि निघतच राहिलं. मग पोरीला मशीनपुढे उभी केली आणि फोटो काढला. आणि मग त्याच मशीनवर, त्याच पाटीवर, ती पुडी ठेवली आणि पुडीचा पण फोटो काढला.

"पुडीला श्वास रोखायला सांगा," पोर म्हणाली, कारण तिला तसं सांगितलं होतं.

परत अंधाऱ्या खोलीत आलो. पडद्यावर आधी पुडी आली. तिच्यावरचा कागद दिसतच नव्हता, नुसती आतली पूड, इतकी पांढरी की हाडंसुद्धा तिच्यापुढे मळकी वाटली असती. कापूस पिंजल्यासारखी, कडेला विरळ होत गेलेली. मी काही शिकलेली नाही पण मी ओळखलं. बसच्या खिडकीत मी तोच ढग बघत आले होते.

मग पोरीचा हात आला. हाड, पोकळी, चीर. शेजारी काही नाही. काळं, मोकळं, स्वच्छ. मी परत परत बघितलं, कुठे सरकला तर नाही म्हणून.

"गेला," आईसाहेब म्हणाल्या.

"नव्हताच," मॅडम म्हणाल्या. "थांबा, अजून एक आहे. मगाशी मी बोलले नव्हते, खात्री नव्हती." त्यांनी धारची फिल्म दिव्यावर होती तिकडे बोट केलं. "धारला फोटो झोपवून काढला होता ना?"

"हो, टेबलावर झोपवलं होतं."

"या पोकळीत मध्येच एक बारीक पांढरी कपची दिसते? कापलेल्या नखासारखी? हाड मोडलं तेव्हा भिंतीचा तेवढा टवका उडाला. आता इथे बघ." पडद्यावर बोट. "आज तिला उभी करून काढला. कुठे आहे ती?"

मला सापडेना. मग सापडली. पोकळीच्या अगदी तळाशी, आडवी पडलेली.

"खाली गेली," मी म्हटलं.

"का गेली?"

पोरच म्हणाली, "बुडाली."

मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरून कोणीतरी दार उघडून बघितलं. "बुडाली! बरोबर! आत मांस असतं, गाठ भरीव असती, तर टवका जिथल्या तिथे रुतून बसला असता. तो तळाला गेला, म्हणजे आत पाणी आहे. नुसतं पाणी. हाडातली पाण्याची पिशवी. तुमच्या मनात जे आहे ना, ते हे नाही."

मी काय केलं असेल? रडले नाही. मी त्या पडद्याच्या इतकी जवळ गेले की माझा श्वास काचेवर आला. एवढंसं हाड, त्याच्यात विहिरीसारखं पाणी, आणि पाण्याच्या तळाशी एक टवका. कोणी कापलं नाही, उघडलं नाही. पोर तिथे उभी राहून जांभया देत होती आणि तिच्या आत एक वस्तू बुडत असलेली आम्ही बघितली होती. देवळात गाभाऱ्यापुढे दिवा आत नेतात आणि मूर्ती हळूहळू दिसायला लागते, तेव्हा बोलायचं नसतं हे कोणी शिकवावं लागत नाही. तसं झालं.

मॅडमनी मग बाकीचं सांगितलं. हाडाच्या डॉक्टरला दाखवायचंच. पट्टा काढायचा नाही. चीर भरताना कधी कधी ती पोकळी पण भरून येते, कधी नाही येत, मग सुईने पाणी काढून औषध घालतात. मोठी होईपर्यंत अधूनमधून फोटो काढत राहायचं, कारण पिशवी वाढीच्या रेघेला चिकटून आहे, लक्ष ठेवायला हवं. त्यांनी मला सोपं करून सांगितलं पण कमी करून सांगितलं नाही, ते मला आवडलं. आणि आईसाहेबांना म्हणाल्या, "आंबेहळद ठेवा, चंदन ठेवा. मुरदाडशिंग लहान पोराच्या अंगाला नको. आणि मोडलेल्यावर तर काहीच नको."

आईसाहेबांनी पुडी परत घेतली नाही. टेबलावरच राहू दिली. बाहेर येऊन बाकावर बसल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी बोलले नसते तर तिला कापलं असतं."

मी म्हटलं, "पण बोललात ना."

"तू का नाही बोललीस? तुला माहीत होतं की."

"मी पुसलं होतं आईसाहेब. मला वाटलं पुसलं म्हणजे गेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, काहीतरी टोमणा येणार असं वाटलं, जिभेवर आलाही असेल. पण त्यांनी पोरीचं डोकं ओढून मांडीवर घेतलं आणि पट्ट्यातला हात नीट छातीवर ठेवला.

तेवढ्यात यांचा फोन आला. मागे ट्रकांचे हॉर्न, बायपासवर कुठेतरी अडकले होते. "काय निघालं?" म्हणाले. मी सांगायला गेले तर कुठून सुरू करू ते कळेना, दगड, लेप, पुडी, रेघ, टवका, सगळं एकदम तोंडाशी आलं.

"पाणी," मी म्हटलं.

"काय?"

"पाणी निघालं. नुसतं पाणी."

मी ऐकत राहिले, ट्रक जात होते, त्यांचा श्वास येत होता. मग म्हणाले, "परत सांग." मी परत सांगितलं.